रडू येतंय म्हणजे निचरा होतोय का?

पत्राचा सारांश: चिपळूण परिसरातल्या ४१ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र आहे. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा त्या लहान मुलाला आणि शेजारच्या वृद्ध काकूंना घेऊन पोटमाळ्यावर चढल्या. पाणी हनुवटीपर्यंत आलं. मुलगा वाचला, काकूंचा हात सुटला आणि त्या गेल्या. तेव्हापासून पत्र्यावर जोराचा पाऊस वाजला की त्यांची झोप उडते, श्वास अडकतो, तोंडात गढूळ पाण्याची चव येते. गेल्या वर्षी त्यांनी सकाळचा प्राणायाम वर्ग लावला. तिथे भस्त्रिका, कपालभाती आणि कुंभकासह, म्हणजे श्वास रोखून, अनुलोम-विलोम घेतात. आठवड्यातून दोन-तीनदा तरी त्यांच्या बोटांना मुंग्या येतात, घसा आवळतो, हुंदके अनावर होतात. घरी आल्यावर दोन-दोन तास समोर दूध उतू गेलं तरी कळत नाही. शिक्षकांचं म्हणणं, ‘आतलं सगळं निघतंय, निचरा होतोय, ४० दिवस खंड पाडू नका.’ यजमानांचं म्हणणं, मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो तर गावात नाव होईल, प्राणायामानं सगळं बरं होतं. ताई विचारतात: नेटानं करत राहू की सोडू? सगळ्यांना जमतं, मलाच का जमत नाही? श्वासानं हे बरं होईल का?

ताई,

आधी उत्तर, मग कारणं. उद्यापासून भस्त्रिका, कपालभाती आणि कुंभक बंद ठेवा, तुमची झोप आणि तुमचा दिवस ताळ्यावर येईपर्यंत. प्राणायामाशी कायमचं वैर धरायचं नाही. शरीराला आत्ता झेपेल तेवढंच ठेवायचं आणि बाकीचं बाजूला काढायचं.

तुम्हाला वर्गात जो त्रास होतो तो दोन वेगळ्या कारणांनी होतो. बसल्या जागी आपण मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. भस्त्रिकेत त्याच्या कितीतरी पट वेगानं, तेही भरभरून, हवा आतबाहेर होते. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्यानं उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. रक्ताचा आम्ल-अल्कली तोल ढळल्यानं बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, कधी बोटं आकडतात. या मुंग्यांना काही वर्गांत ‘ऊर्जा जागी होणं’ म्हणतात. प्रत्यक्षात ते अति श्वसनाचं लक्षण आहे, आणि वेग थांबवला की काही मिनिटांत जातं.

कुंभकात याच्या उलट होतं. श्वास रोखला की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुदमरण्याची घंटा वाजते. ही घंटा किती खोलवर बसलेली आहे ते २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग, अमिग्डाला, दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या तीन स्त्रियांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदाच हुंगायला दिली. तो भाग काम करत नसतानाही तिघींना जबरदस्त भीतीचा झटका आला. म्हणजे ही घंटा वाजते तिथपर्यंत मनाचा निग्रह पोचतच नाही. तुमच्या शरीरात ती एकदा खरोखरच्या मरणाच्या दारात वाजलेली आहे. शेजारच्या सतरंजीवरच्या बाई श्वास रोखतात तेव्हा त्या फक्त आकडे मोजत असतात. तुमचं शरीर मात्र त्या क्षणी पोटमाळ्यावर असतं. ‘मलाच का जमत नाही’ याचं उत्तर एवढंच आहे, आणि त्यात तुमचा कमकुवतपणा कुठेही नाही.

आता ‘निचरा’. हा शब्द पटतो, कारण पूर ओसरल्यावर घरातला गाळ फावड्यानं काढावाच लागतो आणि काढला की घर मोकळं होतं. भीतीची आठवण अशी उपसून संपत नाही. ती जागी झाली आणि त्याच वेळी शरीराला ‘आत्ता मी सुखरूप आहे’ असा अनुभव मिळाला, तर ती हळूहळू बोथट होते. नुसतीच पुन्हापुन्हा जागी होत राहिली, तर शरीर इतकंच शिकतं की सतरंजी अंथरली की संकट येतं.

रडणं वाईट नाही. श्वास संथ करताना डोळे भरून आले तर भरू द्या. फरक ओळखायला नंतरचा तास बघा. रडल्यावर १५-२० मिनिटांत हलकं वाटतं का, भूक लागते का, रात्री बरी झोप येते का? तसं असेल तर काळजी नको. पण तुमचे पुढचे दोन तास हरवतात. याला भान सुटणं म्हणतात. झेपेनासं झालं की मेंदू स्वतःला तेवढ्यापुरतं बंद करून घेतो. मात्रा जास्त झाल्याचं हे लक्षण आहे. एखादं औषध अंगावर उठलं तर ‘तरीही ४० दिवस पुरे करा’ असं कुणी वैद्य सांगणार नाही. आपली परंपराही हेच सांगते. हठयोगप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात म्हटलं आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे शनैः शनैः वश होतात तसाच वायूही होतो, एरवी तो साधकालाच मारतो. चुकीच्या अभ्यासानं उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं मागे लागतं, अशी यादीही लगेच पुढे आहे.

मग श्वासाचा उपयोग काय? मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी बघा. श्वास आत येताना ठोके किंचित जवळजवळ पडतात, सोडताना लांबतात. सगळ्यांना हे बोटाला जाणवत नाही, पण घडतं सगळ्यांत. श्वास सोडताना हृदयाला आवरून धरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो, म्हणून लांब उच्छ्वास शरीराचा वेग उतरवतो. धडधड कमी करणं, झोपेच्या दारापर्यंत नेणं, झटका आला तर तो लवकर ओसरेल असं बघणं, एवढं श्वास नक्की करतो. हे थोडं नाही.

पण काकूंच्या हाताचा हिशेब श्वास करू शकत नाही. तुमच्या पत्रात ‘हात सुटला’ असं एकदा आहे, आणि ‘मी हात सोडला’ असं दोनदा आहे. त्या वेळी तुमच्या दुसऱ्या हातात मूल होतं, पाणी हनुवटीला लागलं होतं आणि ओढ किती होती ते तुम्हीच लिहिलं आहे. तरीही ‘मी सोडला’ हेच वाक्य मनात राहिलं आहे आणि तेच रात्री उठवतं, असं पत्र वाचताना वाटलं. हे वाक्य कुणाजवळ तरी मोठ्यानं बोलायला हवं, अशा माणसाजवळ की ज्याला ते ऐकायचं कसं हे शिकवलेलं आहे. त्याकडे पुढे येऊच.

आता घरी काय करायचं ते सविस्तर. याच त्रासातून जाणाऱ्या इतरांनाही ते चालेल.

सुरुवात श्वासानं करू नका, जागेनं करा. भिंतीला पाठ टेकेल अशी खुर्ची, पावलं जमिनीला, समोर दार किंवा खिडकी, दिवा लावलेला. डोळे उघडे. डोळे मिटले तरच प्राणायाम होतो असं काही नाही. ज्यांच्या पापण्यांमागे चित्रं येतात त्यांनी समोरच्या एखाद्या स्थिर वस्तूकडे नजर ठेवावी. मग हळू आवाजात आजची तारीख, वार, गाव, खोली सांगा आणि दिसणाऱ्या तीन-चार वस्तूंची नावं घ्या. हे पोरकट वाटेल, पण भान सुटू लागलं की याच धाग्यानं परत येता येतं. जमिनीवर उताणं झोपून किंवा अंधारात सराव करू नका. आणि पहिले काही आठवडे पत्र्यावर पाऊस वाजत नसताना बसा. छप्पर शाकारायचं ते पावसाआधी. झटक्यातच पहिल्यांदा वापरायला गेलं तर श्वास कामाला येत नाही.

मग श्वास, आणि तो फक्त एक मिनिट. नाकानं तीन मोजेपर्यंत घ्या, चार मोजेपर्यंत सोडा, मध्ये कुठेही अडवू नका. मोजणी घड्याळाच्या सेकंदानं केली तर मिनिटाला आठ-नऊ श्वास होतात. पहिला आठवडा दिवसातून दोनदा, एकेक मिनिट, एवढंच. ‘आणखी करावंसं वाटतंय’ असं वाटेल तेव्हाच थांबा. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं. सहज जमू लागलं तर मोजणी चार-पाच करा, आणि पुढे चार-सहा. चार घेणं आणि सहा सोडणं म्हणजे मिनिटाला बरोबर ६ श्वास. साधारण याच वेगाला बहुतेक प्रौढांमध्ये हृदयाच्या ठोक्यांचा चढउतार सर्वांत मोठा आणि लयबद्ध होतो. तिथे पोचायला दोन महिने लागले तरी हरकत नाही, तीन-चारवरच राहिलात तरीही उपयोग आहेच. एका बैठकीला पाच मिनिटांच्या वर जाऊ नका.

बहुतेकांची चूक एका शब्दापाशी होते. ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की लोक मोठा श्वास घेतात. दीर्घ म्हणजे लांब, ह्रस्व-दीर्घातला दीर्घ. छाती फुगवून भसाभसा हवा घेतली तर संथ वेगातही अति श्वसन होतं. जांभया येतात, डोकं हलकं होतं, मुंग्या येतात. असं झालं तर वेग तसाच ठेवून हवा कमी घ्या, नेहमीच्या शांत श्वासाएवढीच. खांदे उचलले जात असतील तर हवा जास्तच आत जाते आहे. पोटावर हात ठेवावासा वाटला तर ठेवा. स्पर्शच नको वाटत असेल तर हात मांडीवर राहू द्या.

श्वास मोजायला लागलं की भीती वाढते, असंही काहींचं होतं, आणि तुमचंही होईल अशी शक्यता आहे. त्यांनी श्वास विसरून आवाजाला धरावं. भ्रामरी करा, पण कानांत बोटं न घालता आणि डोळ्यांवर हात न ठेवता. तोंड मिटून नुसतं गुणगुणायचं, ओठांना कंप जाणवेपर्यंत. उच्छ्वास आपोआप लांबतो. हरिपाठ, ओवी, आरती, जे लहानपणापासून तोंडात आहे तेही चालेल. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात ख्रिस्ती जपमाळ म्हणणाऱ्यांचा आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास आपसूक मिनिटाला सुमारे ६ वर आला होता. लयीत म्हणणं हाच एक प्राणायाम आहे, फक्त घाईघाईनं उरकायचं नाही. तेही नको वाटलं तर अंगणात चाला. तीन पावलांत घ्या, चार पावलांत सोडा.

अनुलोम-विलोम आवडत असेल तर नाकपुडी दाबू नका. बोट नुसतं टेकवा, किंवा हात न लावता लक्ष एका बाजूकडून दुसरीकडे न्या. नाकपुडी बंद होताच गुदमरल्यासारखं होणाऱ्यांची संख्या कमी नाही. ज्यांच्यावर हिंसा झाली आहे, विशेषतः गळा दाबला गेला आहे, त्यांनी जालंधर बंध, म्हणजे हनुवटी गळ्याशी दाबून धरणं, आणि गळ्याशी हात नेणारं काहीही टाळावं. दमा, अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर जोरदार श्वसनाचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत, मनावर असा आघात झालेला असो वा नसो.

रात्री जाग येते तेव्हासाठी वेगळं सांगायला हवं. तेव्हा ‘घे, घे, खोल श्वास घे’ याचा उपयोग होत नाही, कारण छाती आधीच भरलेली असते. आधी सोडा. पाय खाली जमिनीवर टेकवा, दिवा लावा आणि गरम चहावर घालतो तशी हलकी, लांब फुंकर घाला. तीन-चार फुंकरा झाल्या की घेणं आपोआप होईल. चेहऱ्यावर गार पाण्याचा हबका मारा, असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि अनेकांना तो लागूही पडतो. तुम्ही तो घेऊ नका. तुमच्यासाठी चेहऱ्यावरचं पाणी म्हणजे पुन्हा तेच. त्याऐवजी उशाशी डबीत आमसूल ठेवा आणि जिभेवर धरा. आंबट चव गढूळ चवीला लगेच बाजूला सारते. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर तो घातक ठरतो.

एका वहीत सरावाआधी आणि सरावानंतर दडपण ० ते १० मध्ये किती ते लिहा, आणि रात्रीची झोप किती झाली तेही. लागोपाठ दोन वेळा नंतरचा आकडा आधीपेक्षा दोननं चढला, तर वेळ निम्मी करा. तरीही चढतच राहिला तर सराव थांबवा आणि ती वहीच डॉक्टरांना दाखवा. ‘कसंसंच होतं’ यापेक्षा दोन आठवड्यांचे आकडे त्यांना फार उपयोगी पडतील.

शिक्षकांना दोष देऊन भांडण काढू नका. बहुतेक शिक्षक मनापासून शिकवतात, पण आघाताबद्दल त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांना सरळ सांगा, ‘मी पुरात अडकले होते. मी डोळे उघडे ठेवून भिंतीजवळ बसेन, श्वास रोखणार नाही आणि वाटेल तेव्हा उठेन. मला मागून हात लावू नका.’ हे ऐकून घेतलं तर वर्ग चालू ठेवा, सकाळी चार माणसांत जाण्याचाही फायदा असतो. ‘मन घट्ट करा’ असं उत्तर आलं तर वर्ग बदला.

श्वासावरच्या संशोधनाचं चित्र आशा वाटावी असं आहे, पण त्यातले तपशील नीट वाचायला हवेत. २०१४ साली अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या २१ सैनिकांच्या एका अभ्यासात सुदर्शन क्रिया या लयबद्ध श्वसनाच्या पद्धतीवर आधारलेल्या श्वसनानं आघाताची लक्षणं कमी झाली होती. त्यात जलद श्वसनही होतं. मग तुम्हाला ते बंद का करायला सांगितलं? अभ्यास लहान होता, सहभागी निवडून घेतलेले होते आणि समोर प्रशिक्षित माणसं होती. चाळीस जणांच्या वर्गात दोन तास भान हरपणाऱ्या बाईकडे कोण बघणार? त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, उपचार घेऊनही आघात न हटलेल्या ६४ स्त्रियांपैकी काहींना दहा आठवडे सौम्य योग शिकवला, आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींची लक्षणं निदानाच्या रेषेखाली आली. तिथे प्रत्येक हालचालीत ‘हवं असेल तर’ अशी मुभा होती. पाण्यानं जिची सगळी निवड हिरावून घेतली, तिला ही मुभा फार मोठी वाटते.

यजमानांशी बोलताना प्राणायाम विरुद्ध डॉक्टर असा वाद होऊ देऊ नका. दोन्ही चालतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली अशा त्रासासाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यांत आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणारा उपचार) आणि ईएमडीआर (आठवण काढताना डोळ्यांच्या हालचाली वापरणारा उपचार) आहेत. दोन्हींत सुखरूप जागी बसून, प्रशिक्षित माणसाच्या सोबतीनं, ती आठवण आणि ‘मी सोडला’ यासारखी वाक्यं थोडीथोडी हाताळली जातात. बहुधा काही आठवड्यांचं ते काम असतं, जन्मभराचं नाही. गोळ्या लागल्याच तर त्या प्राणायाम सुरू केला म्हणून परस्पर बंद करू नका, आणि झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका. जाल तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि एक ईसीजी करून घ्या. धडधडीची साधी कारणं आधी बाजूला काढलेली बरी. गावात नाव होण्याच्या भीतीबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे.

यजमानांना करण्यासारखं ठोस काम द्या, म्हणजे त्यांची काळजीही मार्गाला लागेल. रात्री तुम्ही दचकून उठलात की दिवा लावायचा, समोर येऊन तुमचं नाव घ्यायचं, तारीख सांगायची, ‘पाणी नाही, आपण घरात आहोत’ म्हणायचं. मिठीत घट्ट धरायचं नाही, तुम्ही हात पुढे केलात तरच धरायचा.

एक गोष्ट कुठल्याच श्वसनाच्या पुस्तिकेत नसते. तुमचा धोका पूर्णपणे भूतकाळातला नाही. दर जून-जुलैत तो पाऊस पुन्हा येतो. शांत श्वासानं शरीराला ‘काही होणार नाही’ असं शिकवायला गेलात तर ते मानणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. त्याला योजना दाखवा. मे महिन्यात घरच्यांनी बसून ठरवा: हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की कुणाकडे जायचं, पाणी कुठल्या खुणेला लागलं की निघायचं, मुलाला कोण घेणार. कागदपत्रं, औषधं, टॉर्च, पॉवर बँक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वर ठेवा. मग रात्री पत्रा वाजला की आधी फोनवरचा इशारा बघा आणि त्यानंतर फुंकर घाला.

आणि फोन. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडेही ते वाट दाखवतात. जगणं नको असे विचार येत असतील तर हे पत्र बाजूला ठेवून आधी फोन करा. तसं नसेल तर या आठवड्यात, दुपारी घर शांत असताना करा. सुरुवात कशी करायची हे सुचत नसेल तर एवढं वाचून दाखवा: ‘मी २०२१ च्या पुरात अडकले होते. पाऊस आला की माझा श्वास अडकतो. प्राणायामात श्वास रोखला की त्रास वाढतो आणि नंतर दोन तास भान राहत नाही. आघातावर उपचार करणारं कुणी माझ्या जिल्ह्यात आहे का?’ काकूंचं त्या पहिल्या फोनवर सांगायची गरज नाही. ते समोर बसल्यावर, तुम्हाला वाटेल तेव्हा.